उपाशी रांगेची बादली

रोझलीन काकू, सर, प्रयोगशाळेतले सगळे सहकारी. इथे उभं राहून बोलणं मला अवघड जातंय. म्हणून घडलं तेवढंच आधी क्रमाने सांगते.

१. आपल्या अंधेरीच्या कॉलेजच्या हरितगृहात मी भाताची रोपं वाळूत लावली. एका रांगेला जस्त द्यायचं, दुसरीला अजिबात नाही.
२. महिन्याभराने दोन्ही रांगा सारख्याच हिरव्या दिसल्या. प्रयोग वाया गेला.
३. अहवालात कारण लिहिलं गेलं: सहायकाचा निष्काळजीपणा.
४. ते सहायक, आपले फिलिप काका, हरितगृहातून काढून भांडारात बसवले गेले.
५. गेल्या रविवारी काका वारले.

यातलं तिसऱ्या क्रमांकाचं कारण खोटं आहे.

जस्त नसलेल्या रांगेला काका ‘उपाशी रांग’ म्हणायचे. दहिसरच्या गावठाणात त्यांच्या घरची भातशेती होती. रोपाची भूक त्यांना पानावरून कळायची. एका सकाळी ते त्या रांगेपुढे उकिडवे बसले.

“काय गं, ही पोरं उपाशी असून गुटगुटीत कशी? चोरून जेवतात काय?”

“पाणी शुद्धच घातलंय, काका.”

“कशातून?”

“बादलीतून. कॅन फुटला, म्हणून माळ्याची घेतली.”

“पत्र्याची?”

मी कोपऱ्यातली बादली उचलून त्यांच्यापुढे ठेवली.

“वाट लागली. अगं, त्या पत्र्याला जस्ताचाच मुलामा असतो. तू त्यांना रोज ताट वाढत होतीस.”

बादली मी आणली. पाणी मी घातलं. दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा विश्वास नव्हता. नोंदवहीत रोज माझी सही आहे.

मग काकांनी मला मुळं धुवायला लावली. एकदा नाही, तीनदा. मी वैतागले, तर म्हणाले, “बाहेर चिकटलेलं वेगळं आणि आत घेतलेलं वेगळं. धुतल्याशिवाय कळणार कसं?” मूळ पाण्यात विरघळलेलं जस्त आत घेतं. थोडं आपल्याच पेशींत कोंडून ठेवतं, उरलेलं पाण्याबरोबर पानांकडे चढवतं. पुढे दाणा भरू लागला की पानांतलं काही दाण्यात उतरतं. जस्त जागा बदलतं, नाहीसं होत नाही. आम्ही उपाशी रांगेची मुळं तपासली, पानं तपासली. दोन्हींत जस्त सापडलं. काकांचं म्हणणं खरं निघालं.

हे सगळं मी वहीत लिहिलं. अहवालात ते आलं नाही. सर, तुम्ही मला म्हणालात, “तुझं नाव कशाला अडकवतेस? काका पुढच्या वर्षी निवृत्त होतायत.” आणि मी गप्प बसले. हेही माझंच.

भांडारात त्यांना भेटायला गेले, तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, “वहीत खरं लिहिलंस ना? फाडू नकोस.” मी फाडलेली नाही.

त्या शेऱ्यामुळे काका गेले, असं मी म्हणत नाही. त्यांचं हृदय आधीपासून कमकुवत होतं. जे सिद्ध करता येत नाही, ते मी बोलणार नाही. पण आज इथे सरांनी त्यांना ‘काटेकोर’ म्हटलं. अहवालात ते ‘निष्काळजी’ आहेत. दोन्ही खरं कसं असेल? तो शेरा काकांना बाहेरून चिकटवलेला आहे. त्यांच्या आत तसं काही नव्हतं. तो धुतला गेलाच पाहिजे.

काल मला दोघांनी समजावलं. शोकसभा आहे, इथे हे नको. मग कुठे? भांडारात? तिथे आता कोणी बसत नाही.

माझं संशोधन अडलं तर अडू दे.

माझ्या हातात एक पत्र आहे. अहवालातला शेरा काढावा, चूक माझ्या नावावर लिहावी, एवढंच त्यात आहे. सोबत नोंदवहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आहेत.

आधी काकांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू. त्यानंतर हे पत्र मी सरांच्या हातात देईन. त्याचं लेखी उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत द्यावं आणि एक प्रत रोझलीन काकूंच्या घरी पाठवावी, ही विनंती.