चोरनळ

“हॅलो?... हां ताई, बोल. पण पटकन.”

सकाळचे साडेअकरा वाजले होते. बरोबर बारा वाजता त्याचा आणि बुवाचा खेळ दुकानात येणार होता. दुकान म्हणजे फोनमधलं, जिथून लोक खेळ उतरवून घेतात. बुवा चित्रं काढायचा, हा खेळाचे नियम बांधायचा. दोन वर्षं दोघं लाँड्रीच्या वरच्या या खोलीत बसून होते. खोलीत दोन टेबलं, एक पंखा आणि एक खिडकी. ती उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. बुवा कॉफीसाठी दूध आणायला खाली गेला होता.

“नाही गं, कामात नाही... म्हणजे आता करायला काही उरलंच नाही. बाराला आपोआप सुटणार. काल लावून ठेवलंय. आम्ही नुसतं बघत बसायचं... ते सोड. तू सांग, कसा वाटला?”

“... हो का?”

“... कोण, भाऊजी? भाऊजी खेळले? अगं, त्यांना फोनचा आवाज कमी करून द्यायलासुद्धा तू लागतेस... जेवायला उठले नाहीत? काय सांगतेस.”

तो खुर्चीत मागे रेलला. ताईच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. लहानपणी त्याचं चित्र भिंतीवर लावायच्या आधी ती त्यातल्या चुका मोजायची. म्हणूनच त्याने खेळ सगळ्यांच्या आधी तिला पाठवला होता. फक्त तिला.

“वाफेचा आवाज ना? तो खालच्या लाँड्रीतला आहे. ओल्या कपड्यावर इस्त्री टेकली की फुस्स होतं ना, तेच. बुवा तासभर फोन धरून उभा होता तिथे. लाँड्रीवाल्याला वाटलं, तक्रार करायला आलाय...”

“... बरोबर. एकही अक्षर नाही. मुद्दामच. घड्याळ नाही, गुण नाहीत, कोणी मागे लागत नाही. पाणी उचल, मातीवर ठेव, चिखल झाला. चिखलावर वारा सोड... हां, परत माती. बघ, तुझं तुलाच सापडलं ना?... हो, आणि संपलं की संपलं. म्हणून तर एकेक थेंब जपून वापरावासा वाटतो. अगदी हेच म्हणालीस ना आत्ता? थांब, बुवा आला की त्याला पुन्हा सांग.”

“... हां, आता तक्रारी. एवढं गोड बोलून झालं तेव्हाच म्हटलं, येतायत.”

“... लोखंडावर पाणी, गंज. बरोबर. गंजावर आग... नाही, काही नाही होत... का म्हणजे? सगळ्याचं सगळ्याशी जमवत बसलो असतो तर म्हातारे झालो असतो. माणसांचं तरी कुठे जमतं?... वारा आणि वारा, वादळ व्हायला हवं होतं. मान्य. ते राहिलं... कोणाला दिसत नाही? काकूंना? अगं, तुझ्या सासूबाईही खेळतायत? मग तुमच्या घरात काम कोण करतंय?... चित्रं बारीक आहेत, मान्य. मोठी करू. काकूंना सांग, चष्मा न लावता दिसतील एवढी करू.”

“... अडकलात? कुठे?... भट्टीची खोली? ती तर सोपी आहे... तिघंही? तिघंही तिथेच?”

तो हसला.

“अगं ऐक ना. सांगू नये, पण सांगतो. खोलीत बघ, काय काय आहे. माती आहे, घागरभर पाणी आहे, डाव्या हाताला आग आहे. पाणी मातीत, चिखल. चिखल आगीत, वीट. विटांची पायरी कर, चढ, वर दार आहे. झालं... आग नाही? असं कसं. लाकडं जळतायत बघ... विझली? आपोआप नाही विझत ती... विझवली? कोणी?”

“... भाऊजींनी.”

आता तो मोकळेपणाने हसला. “ताई, ते अग्निशमन दलात आहेत. आग दिसली की त्यांना पाणीच सुचणार. त्यांचं धरू नकोस... बरं, आणि तू? तू तर बँकेत आहेस. तुला काय धाड भरली होती?”

“... पिल्लू? कुठलं पिल्लू?”

“... हां, ते घरटं. ते असंच आहे गं, शोभेचं. लाकडांच्या वरचा कोपरा रिकामा वाटत होता म्हणून बुवाने काढलं... हो, मान हलवतं. चोच उघडतं, हो... नाही, भाजत नाही त्याला. काहीच होत नाही. ते नुसतं... हो, तुला कसं कळणार. बरोबर.”

“... काकूंनीही? पिल्लासाठीच?”

या वेळी त्याला हसू आलं नाही. त्याच्या आणि बुवाच्या लेखी ती आग म्हणजे भट्टी होती. पहिल्या दिवसापासून भट्टीच. तिच्यात विटा भाजायच्या, हे दोघांना इतकं पाठ होतं की ती कोणी विझवेल हे मनाला शिवलंही नव्हतं.

“बरं, थांब. विझवली तर विझवली. घाबरू नकोस. मागच्या खोलीत... नाही, मागे नाही जाता येत. ते दार बंद होतं ना, तीच तर गंमत... हो, जाहिरातीतही आहे. ‘परत फिरायचं नाही.’ हो, माझंच वाक्य. आता टोमणे नकोत.”

“तू असं कर. वरचा उजवा कोपरा आहे ना, तिथे बोट दाबून धर. सोडू नकोस. एक छोटासा नळ येईल. त्याच्यातून हवं ते घे, पाणी, आग, काहीही... नाही आला? जोर नको लावूस, नुसतं धरून ठेव... अजून धर... येतो गं, आम्ही रोज...”

तो बोलता बोलता थांबला.

त्या नळाला ते दोघं चोरनळ म्हणायचे. खेळ तयार करताना दर वेळी पहिल्यापासून कोण सुरुवात करणार? काही कमी पडलं की कोपऱ्यावर बोट ठेवायचं, लागेल ते घ्यायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. तो नळ फक्त त्यांच्या दोन फोनांत होता. लोकांना द्यायच्या खेळातून त्यानेच तो गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. ताईकडे गेला तो लोकांचा खेळ. आणि लोकांचा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही, त्याने किंवा बुवाने, खेळून पाहिला नव्हता.

“... आहे, आहे. इथेच आहे मी.”

“... नाही ताई. तुझं काही चुकलं नाही. तुझ्या फोनमध्ये तो नळ नाहीच आहे. कोणाच्याच नसणार.”

“बंद करून पुन्हा उघडून पाहिलास?... राख, दगड, माती आणि पिल्लू. हो, तिथेच येणार. कोणी बंद करून फसवू नये म्हणून मीच तसं केलंय... पहिल्यापासून, हो. दुसरा रस्ता नाही.”

“... काकू काय म्हणाल्या? जसं म्हणाल्या तसंच सांग.”

“... ‘जीव वाचवला तर कोंडून घातलं.’”

त्याने ते वाक्य पुन्हा एकदा ओठांतल्या ओठांत म्हटलं. खिडकीबाहेरच्या भिंतीवर एक ओला पट्टा होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

“... नाही, राग कसला. बरोबर बोलल्या.”

“... अगं, दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. त्या राखेत एक ठिणगी ठेवायची, फुंकर मारली की पेटेल अशी, आणि आगीवर ओतलं तरी घागरीत तळाला थोडं पाणी उरू द्यायचं. पण आत्ता नाही जमत. काहीही बदललं की दुकानवाले पुन्हा तपासतात. तीन-चार दिवस. आणि त्यांच्या पहिल्या पानावर आम्हाला आजचाच दिवस दिलाय. आज नाही आलो तर ती जागा दुसऱ्या कोणाची... पुन्हा? पुन्हा कोण देतंय.”

“... हो, बुवाने या खेळासाठी शाळेतली नोकरी सोडली. माहीत आहे मला. तू सांगायला हवं असं नाही.”

“... किती लोक विझवतील, तूच सांग. तुमचं घर जरा जास्तच मायाळू आहे. सगळीकडे काय... तिघांपैकी तिघं, हो. मला मोजता येतं, ताई.”

तो उठला. टेबलापासून दारापर्यंत गेला, परत आला. खोलीत चालायला तेवढीच जागा होती.

“समज, निम्मे विझवतील. तेवढे अडकतील. चार दिवसांनी आपण ठिणगी टाकू, माफी मागू, सांगू की... हो. ते तोवर शिव्या लिहून गेलेले असतील. हो, परत कशाला येतील... नाही, मला कळतंय. तुला बोलायला सोपं आहे, एवढंच म्हणतोय... चिडलो नाही. अगं, चिडलो नाही म्हणतोय ना.”

“... आता रडतेस कशाला? तू फोन केला नसतास तर काय खेळ बरा झाला असता?”

“... थांबवता येतं. बाराच्या आत येतं. पण मला एकट्याला नाही. भागीदारी आहे ना. एकाने ‘थांबवा’ म्हटलं की दुसऱ्याच्या फोनवर विचारणा जाते. त्याने होकार दिला तरच... हो, म्हणजे सांगावंच लागेल.”

“... तोच तर म्हणत होता गं. मागे जायचं एक बटण ठेवू म्हणून महिनाभर भांडला. मी म्हटलं, बटण ठेवलं तर मग खेळात राहिलं काय? लोक वाट्टेल ते ओततील आणि मागे येतील... तुलाही तेच आवडलं ना? एकेक थेंब जपावासा वाटतो ते?... हो. त्यानेच आवडला आणि त्यानेच अडकलात.”

जिन्यात पावलं वाजली. दार चौकटीत घट्ट बसायचं. बुवाने नेहमीप्रमाणे ते खांद्याने ढकललं आणि आत आला. हातात दुधाची पिशवी, कपाळावर घाम, चेहऱ्यावर सकाळपासूनचं ते हसू.

“... हो, आला... नाही, अजून नाही. हळू बोल, आवाज बाहेर येतो.”

फोनवर हात ठेवून तो बुवाला म्हणाला, “ताई आहे. आवडला म्हणतेय.”

“... हो, ताई. ऐकतोय... नको, त्याला फोन नाही देत. तू नको सांगूस... मी सांगतो. सांगतो म्हटलं ना.”

बुवा कपाटातून पातेलं काढत होता. पाठमोऱ्यानेच त्याने विचारलं, “पिल्लू आवडलं का त्यांना?”

फोनवर ताईनेही ते ऐकलं असावं.

“आवडलं,” तो म्हणाला. “सगळ्यांना आवडलं. काकूंनासुद्धा.”

“मी म्हटलं नव्हतं?”

“त्याच्यासाठी तिघांनी आग विझवली, बुवा.”

बुवा वळला. आधी तो हसला, आपल्या चित्राला कोणी इतका जीव लावला म्हणून हसतात तसा. मग त्याची नजर लोकांचा खेळ उघडून ठेवलेल्या पडद्याकडे गेली आणि तिथेच राहिली. त्याने पातेलं जपून खाली ठेवलं.

“मग त्यांनी पुढे काय केलं?”

“काही नाही. काही करताच येत नाही.”

“चोरनळ...” बुवा म्हणाला.

“... हो, ताई. कळलं त्याला... पडद्याकडेच बघतोय... नाही, तू फोन धरून ठेवू नकोस. मी करतो नंतर. काकूंना सांग... काही सांगू नकोस. ठेवतो.”

त्याने कॉल बंद केला, पण फोन खाली ठेवला नाही. तोच हातात धरून ‘थांबवा’ दाबलं. पडद्यावर ओळ आली: दुसऱ्या भागीदाराच्या होकाराची वाट पाहत आहोत. लगेच बुवाच्या शर्टाच्या खिशात फोन थरथरला.

बुवाने तो काढला, वाचला. पुन्हा वाचला. खाली लाँड्रीत इस्त्री टेकल्याचा आवाज आला.

बाराला सहा मिनिटं कमी होती. बुवाच्या फोनवर ‘होकार’ आणि ‘नकार’ अशी दोन बटणं होती. त्याने अजून कुठलंही दाबलेलं नव्हतं.