भगवानची घाई

झटपट काम करणाऱ्याचं लई कौतुक करू नका राव. आमच्या भगवानचंच सांगतो. माझा चुलतभाऊ. त्याला थांबणं ठावंच न्हाई.

मागच्या साली त्याचे वडील, आमचे आबा, मेंढरांच्या वाड्यातच छातीला हात लावून कोसळले. आमी आपलं 'ॲम्ब्युलन्स बोलवा, याला इचारा, त्याला इचारा' करतोय, तवर भगवाननं आबांना पिकअपमधी घातलं अन् बीड गाठलंबी. डॉक्टर म्हणले, "लगेच आणलं म्हणून श्वास चालू आहे. पण फार आशा ठेवू नका."

आमी दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडत बसलो. भगवान मातर गावाकडं निघाला. मेंढरांमागं आता कोण फिरणार, म्हणून त्याच पिकअपमधी खेपा करून त्यानं सगळी मेंढरं बाजारात इकून टाकली.

अन् आबा उठले की! घरी आले, चहा घेतला, काठी उचलली अन् थेट वाड्याकडं गेले. नेहमीसारखी हाळी दिली. आतून एकबी मेंढरू ओरडलं न्हाई.

"भगवान, मेंढरं कुठं हायेत रे?"

"आबा, इकली. डॉक्टर म्हणले होते की तुमी..." एवढा धडाडीचा गडी, तिथंच खाली बसून हुंदके द्यायला लागला.

आबांनी रिकाम्या वाड्याकडं एकदा बघितलं. मग वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको लेका. तू सगळं येळेवरच केलंस. मलाच मरायला उशीर झाला."