खालचा बारीक आकडा

मंडळी, आख्यानाला सुरुवात करण्याआधी एक विचारते. आपण कुणाशी तरी बोललो. आपलं बोलणं त्या माणसापर्यंत पोचलं, हे आपल्याला कशावरून कळतं?

सोपं वाटतं ना? बोललो म्हणजे पोचलं. समोरच्यानं मान हलवली म्हणजे तर नक्कीच पोचलं. आता बघा, तुम्ही सगळ्या माना हलवताय. हलवा, मला बरंच वाटतं. पण या माना मी लक्षात ठेवते आहे. शेवटी त्यांच्याविषयी बोलायचंय.

आजचं आख्यान कुठल्या पोथीत सापडायचं नाही. हे मोबाइलच्या स्पीडचं आख्यान आहे. हसा, हसा. पेटीवरचे आमचे दामूअण्णा तर आधीच हसतायत. त्यांच्या फोनात दोन कंपन्यांची दोन कार्डं आहेत, आणि तरी घरून फोन आला की त्यांना नेमकी रेंज नसते!

तर मंडळी, ऐका. धरणाच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, पण आख्यान सांगायची परवानगी घेऊन आले आहे. त्या गावात कौसल्याबाई कोंढाळकर राहतात. दोन मुलगे, थोरला विलास, धाकटा हणमंत. आणि शेंडेफळ लेक, हर्षदा. हर्षदाला जन्मापासून ऐकू येत नाही. ऐकूच आलं नाही, त्यामुळे तोंडानं बोलणंही नाही. मग मायलेकी बोलायच्या कशा? हातांनी. आई म्हणजे नाकातल्या चमकीवर बोट. हर्षदा म्हणजे हनुवटीवर बोट, कारण तिथं तिला तीळ आहे. ये म्हणायचं तर दोन्ही हात पसरून छातीशी आणायचे. सगळं घर थोडंथोडं बोलायचं तसं, पण खरं बोलणं आईचं आणि लेकीचं.

हर्षदा सात वर्षांची झाली, तेव्हा आईनं तिला पुण्याला न ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेत ठेवलं. वसतिगृहाच्या दारात सोडलं आणि पाठ फिरवून चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही. का नाही पाहिलं? तोंड रडवेलं झालं होतं, ते लेकराला दिसू नये म्हणून. पण सात वर्षांच्या पोरीला काय दिसलं असेल? फक्त पाठ. हे शल्य कौसल्याबाईंच्या मनात वीस वर्षं होतं. लेक शिकली, नाशिकला छापखान्यात पुस्तकबांधणीच्या कामाला लागली, तिथंच प्रवीण नावाच्या तिच्यासारख्याच, न ऐकणाऱ्या मुलाशी लग्न झालं. सगळं चांगलं झालं. शल्य तिथंच राहिलं.

आता मोबाइल आला. आपल्यासारख्यांना मोबाइल म्हणजे आवाज. या मायलेकींना मोबाइल म्हणजे चित्र. चित्र हललं तर बोलणं, नाहीतर काही नाही. रोज दुपारी चारला कौसल्याबाई हातपाय धुऊन देवीच्या देवळाच्या चौथऱ्यावर जाऊन बसायच्या, कारण रेंज तिथं. देवीला हळदकुंकू वाहायचं, फोन दिवा ठेवायच्या दिवठाणाला टेकवून उभा करायचा आणि लेकीला फोन लावायचा. आपण कशी रोज तुळशीला पाणी घालतो, माळ ओढतो, तसा हा त्यांचा नेम. एक दिवस चुकला नाही.

पण गावातलं नेटवर्क जुनं. हर्षदाचं चित्र धुरकट दिसायचं. तेव्हा दोघा मुलांनी ठरवलं, आईला फास्ट कंपनीचं कार्ड घालून द्यायचं. कुठलं फास्ट? इथं महाभारत सुरू झालं.

त्या गावात कंपनीला कंपनीच्या नावानं कुणी ओळखत नाही. टॉवर पलीकडच्या डोंगरावर, ती डोंगरवाली. टॉवर धरणाच्या भिंतीपाशी, ती धरणवाली. आणि गावातच शाळेमागं जुना टॉवर, ती गाववाली. सुनांना माहेरावरून हाका मारतात ना, तसं. विलासकडे डोंगरवाली. हणमंताकडे धरणवाली. गाववाली फक्त कौसल्याबाईंकडे आणि देवळातल्या गुरवकाकूंकडे उरली होती. लोक त्यांना चिडवायचे, "काकू, एक फोटो उघडेपर्यंत तुमची भाकरी भाजून होते."

काकू म्हणायच्या, "होऊ दे की. भाकरी तर करायचीच असते मला."

दोघे भाऊ चौथऱ्यावर उभे राहिले. फोनवर ते स्पीड मोजायचं असतं ना, गोल तबकडी येते, काटा सरसर फिरतो, ते लावलं. निम्मं गाव बघायला. विलासचा काटा गेला अठ्ठेचाळीसवर. हणमंताचा एकतीसवर अडकला.

"दादा, तुझा फोन नवा आहे म्हणून."

"मग तुझ्या फोनात माझं कार्ड घालून बघ."

घातलं. तरी सत्तेचाळीस. कुणीतरी गंमत म्हणून काकूंचा फोन घेतला. काटा कसाबसा सातवर गेला. काय हसले लोक!

मंडळी, त्या तबकडीवर वर मोठ्या अक्षरात एक आकडा असतो. आपल्याकडे किती वेगानं येतं त्याचा. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात दुसरा असतो. आपल्याकडून किती वेगानं जातं त्याचा. त्या दिवशी चौथऱ्यावर वीस माणसं होती. खालचा आकडा किती जणांनी वाचला असेल?

एकानंही नाही. आपल्याला काय मिळतं ते आपण चष्मा न लावता वाचतो. आपल्याकडून काय पोचतं, त्याला मात्र चष्मा सापडत नाही.

झालं. आईच्या फोनात डोंगरवाली आली. पहिल्या दिवशी कौसल्याबाईंना लेकीचा चेहरा दिसला, हनुवटीवरचा तीळसुद्धा! त्यांनी विलासच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांच्या फोनात कोपऱ्यात स्वतःचं छोटं चित्र दिसायचं, तेही लख्ख. ते चित्र कधी अडकत नाही, हे ध्यानात ठेवा. आपलं आपल्याला नेहमीच स्वच्छ दिसतं.

आणि नाशिकला काय दिसत होतं? आईचं चित्र यायचं आणि थिजायचं. डोळे अर्धे मिटलेले, हात हवेत. मग दोन मिनिटांनी एकदा बदलायचं, पुन्हा थिजायचं. हर्षदानं एकदा सांगितलं, तू दिसत नाहीस. कौसल्याबाईंनी काय करावं? पदरानं स्वतःच्या फोनची काच पुसली. परत विचारलं, आता? हर्षदानं दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा काच पुसली, चष्माही पुसला. हर्षदाच्या मनात आलं, आई एवढ्या पायऱ्या चढून येते, देवळाच्या उन्हात बसते, तिला किती वेळा सांगू? आई काय विचारत असणार? जेवलीस का, बरी आहेस का. तिनं ठरवलं, आपण मान हलवायची.

आणि ती मान हलवू लागली.

मंडळी, तिच्या मानेत खोटेपणा नव्हता. माया होती. आणि गंमत बघा, तिथंच घोटाळा झाला.

हर्षदाला दिवस गेले. पाचवा महिना लागला तेव्हा एके दुपारी कौसल्याबाई मनाशी ठरवून चौथऱ्यावर गेल्या. देवीसमोर बसून धीर गोळा केला. फोन लावला, आणि वीस वर्षांचं सांगितलं. दोन बोटं चालवत दूर नेली, म्हणजे तुला सोडून निघून आले. मग दोन्ही हातांनी आपल्या दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. चुकलं माझं.

कान धरून चुकलं म्हणणं आपण लहानपणापासून करतो. पण त्या माउलीनं लेकीसमोर आजवर कधी कानाला हात लावला नव्हता. जे तिच्यापाशी नाही, तिकडं बोट कशाला, म्हणून. त्या दिवशी लावला. आणि मग दोन्ही हात पसरून छातीशी आणले. बाळंतपणाला ये.

हर्षदानं हसून मान हलवली. दोन वेळा. आणि म्हणाली, आता कामावर जाते.

बस, एवढंच.

कौसल्याबाई घरी आल्या. वाट बघू लागल्या. सहावा महिना गेला, सातवा गेला. लेक रोज फोनवर दिसते, हसते, मान हलवते, पण येण्याचं नाव काढत नाही. विलास म्हणाला, "आई, मी मेसेज टाकतो की तिला. वाचता येतं तिला."

"नको. मी बोललेय. हातांनी बोललेय, तोंडासमोर. आता तुम्ही मधे पडू नका."

"अगं, पण विसरली असेल."

"इसरत नसतं कुणी तसलं. तिच्या मनात अजून ते आहे, विलास. राहू दे. तिचा हक्क आहे."

आता सांगा, चूक कुणाची? आईनं सगळं सांगितलं होतं. लेकीनं मान हलवली होती. थोरल्यानं प्रेमानं कार्ड घालून दिलं होतं. सगळे एकमेकांवर माया करणारे, आणि घरातली बाळंतिणीची खोली झाडलेली, सारवलेली, रिकामी.

आठवा महिना लागला. एक दिवस कौसल्याबाई नेमाप्रमाणे चौथऱ्यावर गेल्या, फोन काढला, तर रिचार्ज संपलेलं. विलास बाजाराला गेलेला. चार वाजले. नेम चुकायची वेळ आली. गुरवकाकू देवळाच्या पायरीवर वाती वळत होत्या. म्हणाल्या, "माझा घ्या की. चित्र धुरकट येतं, पण येतं."

"लागंल का तुमच्यावरून?"

"लागंल. हळूहळू लागंल. तुम्हाला तरी कुठं जायचंय?"

लागला. हर्षदाचं चित्र धुरकट होतं, तीळ काही दिसत नव्हता. कौसल्याबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, जेवलीस का?

हर्षदानं मान हलवली नाही. ती बघतच राहिली. मग तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले, आणि हात खाली घेऊन म्हणाली, "आई, तुझे हात हलतायत."

कौसल्याबाईंना काही कळेना. "माझे हात रोजच हलतात की गं."

"नाही. एवढे महिने तू थिजलेली होतीस. चित्रासारखी. मी चित्राशी बोलत होते."

कौसल्याबाईंचे हात मांडीवर पडले. ते उचलून त्यांनी विचारलं, "मग मी त्या दिवशी कान धरले ते?"

हर्षदानं आठवून पाहिलं. "हात डोक्याशी नेलेले दिसले होते. मला वाटलं, वाऱ्यानं पदर पडतोय, सावरतेयस."

मंडळी, तीन महिने त्या माउलीनं मनाला लावून घेतलं होतं की लेकीनं क्षमा केली नाही. आणि लेकीला दिसला होता पदर.

गुरवकाकूंनी वाती खाली ठेवल्या. त्यांना हातांची भाषा येत नाही, पण पुढचं त्यांना बघून कळलं, आणि मला त्यांनीच सांगितलं; त्यातले शब्द मागाहून कौसल्याबाईंनी भरले. कौसल्याबाईंनी पुन्हा दोन बोटं चालवत दूर नेली. पुन्हा दोन्ही कान धरले. धरूनच ठेवले.

हर्षदानं नाशिकहून फोनकडे हात पुढं केले, जणू आईचे हात ओढून खाली घेणार आहे. "सोड. कान सोड आधी. मी खिडकीतून तुझी पाठ बघत होते, खरं आहे. खूप रडले, तेही खरं. पण तिथं शंभर मुलं हातांनी बोलत होती, आई. घरी तू एकटीच बोलायचीस. मला बोलायला माणसं तिथं मिळाली. तू नसतं सोडलंस तर मी आज तुला हे कशानं सांगितलं असतं?"

मग तिचे हात लहान झाले. लहान हात म्हणजे हळू आवाज. "पण तू मला बाळंतपणाला बोलावलं नाहीस. मी वाट बघत होते. वाटलं, आईला आता झेपत नसेल."

कौसल्याबाईंनी दोन्ही हात पसरले आणि छातीशी आणले. परत पसरले, परत आणले. किती वेळा, ते काकूंना मोजता आलं नाही.

संध्याकाळी हणमंतानं तिन्ही फोन घेऊन पुन्हा चौथऱ्यावर मोजमाप केलं. या वेळी खाली बघितलं. डोंगरवालीचा वरचा आकडा अठ्ठेचाळीस, खालचा पावसुद्धा नाही. धरणवालीचा कसाबसा एक. गाववालीचा वर सात, आणि खाली सहा. तो म्हणाला, "दादा, डोंगरावरचा टॉवर लांब आहे. त्याचा आवाज दांडगा, तो इथवर येतो. पण आपला एवढासा फोन, याचा आवाज तिथवर कुठला जायला? गावातला टॉवर हळू बोलतो. पण जवळ आहे, आपलं ऐकून घेतो."

विलासनं आईच्या फोनातलं कार्ड स्वतःच्या हातानं काढलं. म्हणाला, "आई, माझंच चुकलं," आणि कानाला हात लावायला गेला. तर ती म्हणाली, "पुरे रे बाबा. आज किती जण कान धरणार?"

पुढच्या रविवारी हर्षदा आली. त्याच खोलीत मुलगी झाली. बारशाला मी गेले होते. गुरवकाकूंना मानाची साडी होती.

मंडळी, आता तुमच्या माना. एवढा वेळ तुम्ही हलवताय, मी बघते आहे. इतकी वर्षं मी त्या माना पाहून घरी जाते आणि म्हणते, आज छान पोचलं. कौसल्याबाईंचं हे ऐकल्यापासून मला रात्रीची पोथी मिटताना वाटतं, पोचलं होतं, की माझ्यावर माया म्हणून माना हलवल्या?

देवाची काळजी नाही. आपण रोज हात जोडतो, त्याच्याकडे आपलं चित्र थिजत नाही. जोडले नाहीत तरी त्याला दिसतं. पण घरातल्या माणसाला दिसत नाही हो. सून "हो आई" म्हणते, नवरा पेपरामागून "हं" म्हणतो, म्हातारे सासरे हसून मान हलवतात, आणि आपण समजतो, झालं सांगून. वर दिसणारा आकडा मोठा आहे ना, मग सगळं ठीक. खालचा कोण वाचणार?

आज घरी गेल्यावर एकच करा. ज्याच्याशी रोज बोलता, त्याच्याजवळ बसा आणि विचारा, माझं बोलणं पोचतं का रे तुझ्यापर्यंत? आणि तो म्हणाला, नाही पोचत, तर आपल्याच फोनची काच पुसत बसू नका. जरा जवळ सरका.

पटलं?

नाही, मान नको. आज मान चालणार नाही. मी नाव घेते, तुम्ही तोंडानं परत म्हणा. ज्यांना तोंडानं येत नाही त्यांनी दोन्ही हात वर करा, मला इथून दिसतात. पोचलं की नाही, मला कळू द्या. दामूअण्णा, सूर द्या.

राम कृष्ण हरी...