वेगळं ताट

माझं माहेर राहात्याकडचं, उसाच्या पट्ट्यातलं, पानी बघितलेलं, आन् दिलं मला हिकडं मिरजगावच्या बाजूला, जिथं चैत उजाडला की हंड्याचं बूड दिसतं. नाव सुमन. आमी बौद्ध. आज्ज्यानं दीक्षा घेतली तवापासनं घरात देव न्हाई, कोनाफुडं वाकायचं न्हाई, आसं आमचं घर. सासरचंबी तसलंच. मालक मुंबईला टेम्पोवर हुते, मग मीबी गेले, आन् शेजारनीनं सांगितलं म्हनून एका शाळंत कामाला लागले. मावशी म्हनायची पोरं मला. झाडायचं, पुसायचं, बोर्डिंगच्या सैपाकाला हात लावायचा.

ती शाळा यहुदी लोकांची. आता काय सांगू तुमाला ताई, मला पैल्यांदा वाटलं गोरी मानसं आसतील, इंग्रजी बोलतील, आपला कसा निभाव लागायचा. तर आमच्या मुख्याध्यापक बाई, एस्तेर बाई त्यांचं नाव, त्या आल्या सुती साडी नेसून आन् म्हनल्या, सुमन, जेवलीस का. अगदी आपल्यासारखं मराठी. मूळच्या कोकनातल्या, अलिबागकडच्या, त्येंच्या कितीतरी पिढ्या तितंच गेलेल्या. पोरंबी समदी मिसळीची, हिंदू, मुसलमान, आमची, आन् त्यांची सोताची पोरं थोडीच, कारन त्यांची मानसं परदेशी निघून गेली. पन शाळंची रीत त्यांची. शनवारी शाळा बंद. आन् त्यांचा मोठा सन म्हंजी पेसाह.

पेसाह म्हंजी आसं बघा, ही लोकं लई पूर्वी मिसर देशात गुलाम हुती, ती तितनं सुटली त्या आठवनीचा सन. सुटताना येवढी घाई झाली की पीठ फुगायलाबी येळ न्हाई मिळाला, म्हनून त्या आठवड्यात पाव, बिस्कीट, जे जे आंबवून फुगतं ते खायचं न्हाई. नुसतं खायचं न्हाई आसं न्हाई, घरात त्याचा कन राहिलेला चालत न्हाई. मग शाळंत काय धांदल. पोरांच्या डब्यात पाव न्हाई आनायचा म्हनून घरी सांगून धाडायचं. बाकं उलटी करायची, खाचंतला चुरा काडीनं काढायचा. आन् बारक्या पोरांचा एक खेळ आसायचा, लई आवडायचा मला. म्या आदी जाऊन पावाचे तुकडे बाकामागं, खिडकीत लपवून ठिवायचे, आन् पोरं मेनबत्ती आन् चुरा लोटायला कोंबडीचं पीस घिऊन हुडकीत फिरायची. खरं तर ते त्यांच्यात घरोघर अंधार पडल्यावर करत्यात, पन शाळंत पोरांला कळावं म्हनून दिवसाच. घावला तुकडा की वरडायची, मावशी हितं हाय. मग ते समदं अंगनात जाळायचं.

सैपाकघराचं काम माझ्याकडं. रोजची भांडी कपाटात कोंडून कुलूप घालायचं आन् माळ्यावरनं पेसाहची भांडी काढायची, ती वर्षातनं तेवढ्याच दिसांत वापरायची. ताटं, पेले, पातेली, म्या सोता चिच आन् राख लावून घासायची, कढत पानी वतायची. ज्या भांड्याला वर्षभर पाव शिवलाय ते त्या आठवड्यात चालत न्हाई, मग ते बाईंच्या आईचं आसलं तरी न्हाई. मला हे ठावं हुतं, तुमाला आताच सांगून ठिवते, कारन फुडं जे झालं ते ह्याच्यावरनंच झालं.

बोर्डिंगची पोरं आन् मास्तर मंडळी सनाला एकत्र बसायची, हगादा म्हनून त्यांचं पुस्तक हाय ते वाचायची, मराठीतनं. येकदा मी पानी द्यायला गेले तर बाई वाचत हुत्या, आमी गुलाम हुतो. मी तांब्या घिऊन तितंच उभी. नंतर बाईंला म्हनलं, बाई, आमच्याबी घरात आसंच सांगत्यात, काय हुतो आन् कसं सुटलो, तुमचा पेसाह आन् आमची जयंती एकाच महिन्यात येती बघा बऱ्याचदा. फुडल्या साली माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. मी म्हनलं मला न्हाई जमायचं, वाढायचं कोन. तर म्हनल्या, वाढायला मी उठते, तू बस. अशा बाई त्या. त्यांच्या हातचं मी खाल्लंय आन् त्यांनी माझ्या हातचं वर्सानुवर्सं खाल्लंय.

मग एका साली, ऐन पेसाहच्या तोंडावर, मामंजी वारले. माझे सासरे. मी भांडी निम्मी घासलेली टाकून गावाकडं आले. आमच्यात पुन्यानुमोदनाचा कार्यक्रम आस्तो, वंदना हुती, मानसं बोलत्यात, मग जेवनं. त्या दिशी अंगनात मांडव, पावनेरावळे, मी मागं चुलवनापाशी. आन् मला न सांगता बाई आल्या. मुंबईवरनं यस्टीनं, सन चालू आस्ताना, मिरजगावला उतरून रिक्षा करून. का तर सुमनचं मानूस गेलं. मला भेटायच्या आदी सासूबाईंनी त्यांला बघितलं, आत्याबाई म्हनतो आमी सासूला, हाताला धरून पंगतीत बसवलं, मुंबईची बाई आपल्या दारी आली म्हनून. वाढप चालू झालं. घरातलं ताट फुडं आलं तर बाईंनी हळूच ते बाजूला केलं, आन् पिशवीतनं आपलं सोताचं ताट काढलं, सोताचा पेला काढला, आन् मांडला.

ताई, आमच्या दारात.

तुमी लिव्हनारं मानूस, तुमाला येगळं सांगायला नगं. आत्याबाईंनी ल्हानपनी हाटेलाच्या मागं खिळ्याला टांगलेला कानतुटका कप बघितलाय, आपला आपन इसळायचा आन् परत टांगायचा. त्या मानसाच्या दारात कुनी येगळं ताट मांडलं तर काय हुईल. कोनतरी म्हनलं, आपल्या हातचं चालत न्हाई वाटतं बाईंला. आन् माझे दीर उठले, प्रकाश भावजी, शिकल्यालं मानूस, जयंतीचं समदं तेच बघत्यात. वरडले न्हाईत. जवळ जाऊन हात जोडले आन् म्हनले,

बाई, तुमी पाव्हन्या हाव म्हनून हात जोडून सांगतो. ते ताट पिशवीत घाला. ह्या घरात आता कुनाचं येगळं ताट मांडलं जानार न्हाई.

मी भाजीची बादली घिऊन मांडवात आले तवा बाई ताट पिशवीत घालीत हुत्या आन् ते काय पिशवीत जाईना. समदी पंगत बघतीय. माफ करा, चुकलं माझं, येवढंच म्हनल्या आन् उठून मांडवाच्या भाईर जाऊन लिंबाखाली उभ्या राहिल्या. मला बघितलं त्यांनी, पन हाक न्हाई मारली. मला वाटलं धरनी फाटावी. लाज कशाची ते मलाच कळंना. आमच्या मानसांनी बाईंला उठवलं ह्याची, का माझ्या बाईंनी आमच्या दारात ताट मांडलं ह्याची. येकाच टायमाला दोन्हीकडनं जळायला लागलं.

मग मी बादली ठिवली आन् बोलले, आयुष्यात तेवढ्या मानसांफुडं मी कधी बोलले न्हवते. म्हनलं, आवो ते ताट म्या घासल्यालं हाय, त्यांचा सन हाय, ह्या दिसात पाव शिवलेल्या भांड्यात त्या सोताच्या आईच्या घरीबी जेवत न्हाईत, माझ्या हातचं रोज खात्यात त्या. समदी नुसती बघायला लागली. तोंडं काय इश्वास ठिवल्यावानी दिसंनात. आत्याबाईंनी तेवढं इचारलं, तुज्या हातचं खाती का ती? म्हनलं व्हय. मग काय चालतं तिला? म्हनलं भात चालतो. आत्याबाई उठल्या, नव्या दुःखाचं मानूस, डोळं सुजलेलं, आन् काठी टेकीत लिंबाखाली गेल्या. मी मागनं. त्यांनी बाईंला इचारलं, भांडं हाय का तुमच्याजवळ? बाईंच्या पिशवीत बारकं पातेलं हुतं, अंडं उकडायला आनलेलं. त्यांनी ते काढून दोन्ही हातांनी फुडं धरलं आन् म्हनल्या,

भांडं माझं, हात तुमचे. चालेल का तुम्हाला?

चालंल, आत्याबाई म्हनल्या.

तीन दगडं मांडली तितंच. नव्या पिशवीतला तांदूळ काढला. दोघी जाळापाशी बसल्या, येक फुकीत हुती, येक काटक्या सारीत हुती. माझ्या मनात आलं, चला, मिटलं. तेवढ्यात भावजी आले. रागात न्हवते, तेच तर. शांत आवाजात मला म्हनले, वयनी, कारन त्येंच्याकडंबी हुतं. आपल्या आज्ज्याला येगळा कप देनारेबी हेच म्हनायचे, आमचा धर्म हाय, तुमच्यावर राग न्हाई. मग मी कुठलं कारन मानू आन् कुठलं न्हाई?

मी वाकून काटक्या गोळा करायला लागले. बाईंनी ऐकलं हुतं. त्या उठून उभ्या राहिल्या आन् भावजींला म्हनल्या, तुमचं बरोबर आहे, पंगतीत बसण्याआधी मी दारात विचारायला हवं होतं. भावजींनी मान डोलावली आन् गेले. ते काय त्या भाताला शिवले न्हाईत. बाईंनी खाल्ला, थोडाच, मीठ लावून, आन् आत्याबाई फुड्यात बसून ऱ्हायल्या शेवटच्या घासापत्तुर. मांडवातली मानसं तिकडनं बघतच हुती.

मिरजगावच्या स्टँडावर बाईंला घालवाय मी गेले. यस्टी आली तवा बाई म्हनल्या, सुमन, भुकेला असेल त्यानं यावं आणि आमच्यासोबत जेवावं, हे आम्ही दर वर्षी मोठ्यानं वाचतो. दुसऱ्याच्या दारात कसं जेवावं, ते कुठं लिहिलेलं नाही गं. आन् चढल्या. खिडकीतनं हात केला न्हाई. मला कळलं, त्यांलाबी माझ्याकडं बघायची लाज वाटतीय.

त्याच्यानंतर मी कितीतरी सालं त्या शाळंत काढली. परत पावाचे तुकडे लपवले, परत पोरं वरडली, परत माळ्यावरनं भांडी काढली. बाई पैल्यासारख्याच वागल्या, मीबी वागले. पन माझी खुर्ची शेजारी आसायची ना, तितं बसलं की समोरच्या ताटाकडं बघवायचं न्हाई. पोरं वाचायची, आमी गुलाम हुतो, आन् माझं कान तापायचं. कुनी कायबी केलेलं न्हाई, तरी.

आता गुडघे गेले, मालक गेले, मी हिकडंच आस्ते, पोराच्या दोन शेळ्या हायत, त्यांच्यात दिस जातो. आत्याबाई हायत आजून, कानानं कमी. बाई रिटायर झाल्यावर पोरीकडं परदेशात गेल्या, सनासुदीला फोन येतो. भावजी माझ्यावर सख्ख्या भैनीवानी माया करत्यात, दवाखान्याला तेच नेत्यात, पन त्या दिसाचं आमी दोघांनी येकदाबी काढलं न्हाई. औंदा जयंतीच्या दिशी बाईंचा फोन आला तवा मी शेळ्यांमागं, आन् फोन भावजींनी उचलला. मी आले तर वसरीत हिकडनं तिकडं फिरत बोलत हुते, बराच येळ. ठिवल्यावर मी इचारलं, काय म्हनल्या? तर म्हनले, काय न्हाई, पाऊसपानी इचारत हुत्या.

म्या फुडं इचारलं न्हाई. त्यांला सांगायचं आसतं तर सांगितलं आसतं. दोन्ही मानसं खरी हायत ताई, आन् माझीच हायत दोन्ही, मी कुनाला खोटं पाडू. ऱ्हाईन अशीच खाली मान घालून, राहिलेत तरी किती दिस. त्यांची लेकरं तिकडं, आमची हिकडं, समदी पोटभर जेवू देत.