सायलेन्सरपाशी धरलेला टिश्यू

हसू नका, पण गाडीपायी मी एका माणसाशी फार वाईट वागलोय. सिंगापूरला असताना माझ्याकडे जुनी स्पोर्ट्स कार होती. तिथल्या तुआस या कारखान्यांच्या भागातल्या एका गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिक अंकलकडून मी तिला हट्टानं जाड एक्झॉस्ट पाइप बसवून घेतला. पाइप मोठा की ताकद मोठी, एवढीच माझी अक्कल.

अंकलनी गाडी सुरू केली. हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, टेबल अडवायला ठेवतात तसल्या पाकिटातला एक टिश्यू काढून पाइपच्या तोंडाशी धरला. टिश्यू बाहेर फडफडला, आणि मधेच आत ओढला गेला.

"बघ, धूर परत आत चाललाय. जुनाच पाइप लावू या, लाह," अंकल तिथल्या बोलीच्या हेलात म्हणाले.

"अंकल, मी पुण्याचा इंजिनिअर आहे. मला शिकवू नका."

त्यांनी जुना पाइप उचलून बाजूला ठेवला.

गाडी चढावर धापा टाकायला लागली. जाड पाइपमध्ये धुराचा वेग मंदावतो आणि जळका धूर उलटा इंजिनात शिरतो, हे मला सहा महिन्यांनी उमगलं. तरी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? शेवटी गाडीच्या परवान्याची दहा वर्षं संपली, तिथल्या नियमाप्रमाणे ती भंगारात गेली, आणि मग मी माफी मागायला गेलो.

अंकल वारले होते. त्यांच्या मुलीनं माळ्यावरून माझा जुना पाइप काढला. वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला, वर माझ्या गाडीचा नंबर.

"पप्पा म्हणायचे, टाकू नकोस, तो येईल. इंजिनिअर आहे, जरा वेळ लागेल."