कोळशाची मिशी

ए, हातातली भाकरी खाली ठेवा आधी. ज्याला मळमळतं त्यानं आत्ताच घरला जावं. मग म्हनू नगा अंक्यानं सांगितलं न्हाई. ऐका.

हैबतमामाच्या जीपमधनं तीन दिस डोंगरात हिंडलो आम्ही. मामा, त्येचा पोरगा किस्ना आणि मी. काय त्या दऱ्या! ढग खाली, आपण वर! एका वाडीत चारच घरं, पर चा पाजल्याबिगर सोडंनात. शेवटचा मुक्काम खांबदऱ्याला, अनसूमावशीकडं. तितनं निघाय रात झाली.

मावशीनं मामीसाठी मटणाचा डबा दिला, आमच्या सीटामागं ठेवला. वर कोळशाचा खडा ठेवला. म्हनली, "अंक्या, ह्यो काढू नगंस. घाटात वशाटाच्या वासावर येतंय एक."

"व्हय मावशी," म्हनलो.

आणि घाट लागायच्या आत काढला! आता ऐका, का काढला. किस्ना माझ्या बाजूला तोंड उघडं टाकून घोरत व्हता. माझ्या हाताशी कोळसा. तुमी काय केलं असतं? ही जाड मिशी काढली, पार गालापातुर! उरलेला खडा दिला खिडकीतनं भिरकावून.

चारच वळणं गेली. वास आला. मेलं कुत्रं गटारात भिजावं, तसला. नाकात न्हाई, थेट जिभंवर!

मामा म्हनला, "अंक्या, तूच का रं?"

"आईशप्पत न्हाई, मामा!"

मग मागनं डबा वाजला. खडखड. आणि चावल्याचा आवाज. मच मच मच. नळी चोखतंय. सुर्रर्र!

"किस्ना, घरला गेल्यावर खा की रं!" मामा वरडला.

किस्ना तर माझ्या खांद्यावर घोरतोय! मग मागं कोन? मी मान वळवली न्हाई. छाती न्हाई माझी, कबूल. तेवढ्यात मांडीवर पडलं कायतरी. हाडूक. चाटून पांढरं केल्यालं, लाळंनं बुळबुळीत. आणि माझा कान... श्शी! ह्या कानात जीभ घातली त्येनं! गार. लांब. गोगलगाईवानी. आणि कानातच म्हनलं,

"संपलं. अजून हाय का?"

मी वाकलो खाली. तर ती जीभ माझ्या डोक्यावरनं गेली फुडं आणि मामाच्या गळ्याला दोन येढं! मामाचं डोळं भाईर. स्टेरिंग दरीकडं. चाक कडंला, खडी खाली घरंगळतीया!

तवा आठवला कोळसा. तो तर टाकला मीच! राहिला कुटं? किस्नाच्या तोंडावर! दोन्ही हात घासलं त्येच्या मिशीवर. घाम, लाळ, कोळसा, सगळा राडा. तसाच फासला मामाच्या तोंडाला, गळ्याला, त्या जिभंला!

"थू!" भूत वरडलं. "थू थू थू!"

त्येला किळस आली, गड्यांनो! आमची! जीभ सुटली, मागचं दार आपटलं, मामानं कचकन बिरेक मारला. एक चाक दरीवर लोंबतंय. किस्ना जागा झाला आणि म्हनला, "बाबा, तुमचं तोंड काळं कुनी केलं?"

मामानं मला तितंच हाणला.

घरी डबा उघडला. एक फोडबी न्हाई. काठोकाठ लाळ. मामीनं डबा पुरला. माझा कान सात येळा धुतला साबणानं. ये, हुंग. ये की! पळतोस का?

दऱ्या बघायच्या तर दिवसा जावा, डोळं निवतील. रातचं वशाट घिऊन खांबदऱ्याच्या वाटंला जाऊ नगा. गेलाच, तर कोळसा डब्यावर राहू द्या.

मिशी काढाय चुना हाय की.