ऋचाचं यंत्र आणि झेंडूचा हार

...आणि वर सोसायटीतले लोक मलाच विचारतात, "काका, म्हणजे पोरगी ऑपरेटर झाली का?" आता काय सांगणार कपाळ! मी काही बोललो नाही.

तुम्हाला सांगतो, आमच्या निगडीत नोकरी म्हटली की प्रश्न ठरलेले : कंपनी कुठली, बस कुठे थांबते आणि दिवाळीला काय देतात! आमच्या ऋचाने चाकणच्या कारखान्यातल्या कायम नोकरीचा राजीनामा दिला, कशासाठी, तर एका संशोधन विद्यापीठात तांत्रिक अधिकाऱ्याची जागा निघाली म्हणून. राजीनामा आधी, मुलाखत मागून! मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस, मला घाम फुटला... पण मी काही बोललो नाही. शेजारच्या विजयश्रीवहिनी मात्र बोलल्या. "विद्यापीठात? म्हणजे शिकवणार?" नाही. "मग संशोधन?" नाही हो, संशोधन करणाऱ्यांचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सांभाळणार! त्यात केसाचं टोकसुद्धा डोंगराएवढं दिसतं! "अगंबाई, सांभाळणार म्हणजे... वॉचमन?"

बरं, जागा एकच. मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकावर पीएचडीवाल्यांची रांग. आत सगळं छान चाललेलं आणि शेवटी एक सर विचारतात, "यंत्राची देखभाल कशी कराल?" पोरीने पंप सांगितले, फिल्टर सांगितले, आणि त्याच दमात, चाकणची सवय हो, म्हणाली, "आणि खंडेनवमीला पूजा!"

झालं! संपलं! गेली नोकरी!

सर म्हणाले, "हळदकुंकू? अहो, त्या यंत्राला धुळीचा कण चालत नाही!"

तर आमची कन्या काय म्हणाली असेल? "यंत्राला नाही सर, दाराच्या कुलपाला. पण त्या दिवशी यंत्र बंद. आमच्या कारखान्यात वर्षातून तेवढ्या एका दिवशी सगळे मशीनकडे माणूस म्हणून बघतात. तुमच्या यंत्राला सुट्टी कधी असते?"

सर खो खो हसले. "अहो, आमचं यंत्र रजा स्वतःच घेतं, तीही न विचारता!"

आणि दिली हो तिला नोकरी! मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. वहिनींनी दोन घेतले आणि विचारलं, "बस कुठे थांबते?" मी काही बोललो नाही.

मग आली खंडेनवमी. मी इस्त्रीचा सदरा घातला, झेंडूचा हा एवढा हार घेतला आणि थेट तिच्या प्रयोगशाळेच्या दारात! कुलपाला हळदकुंकू लागलेलं, आत यंत्र राजासारखं विसावलेलं. मी पाऊल उचलतो तोच आतून पांढऱ्या कोटातली अधिकारी कडाडली, "बाबा, हार खाली! केवढे परागकण त्यात! बाहेर थांबा!"

बाहेर थांबा! अहो, हे वाक्य आमचं! खिडकीमागे बसून, मान वर न करता, उभ्या जन्मात किती जणांना ऐकवलं असेल! पण इतक्या रुबाबात? छे, मला कधी जमलं नाही.

मी काही बोललो नाही. हार घेऊन थांबलो बाहेर. येणारा-जाणारा विचारायचा, "काका, कुणाला भेटायचंय?"

म्हटलं, "साहेबांना. पण त्या आज यंत्राच्या सुट्टीच्या कामात आहेत."